शार्कचं आजोळ

सोमवार

सगळ्यांत आधी टपकल्या त्या नातीच्या कामावरच्या मोठ्या बाई. माझ्या पायात अजून चपला, पिशवी दारात, आणि या हजर! मागून चष्मेवाली, त्यांच्या हाताखालची. साहेब असून बाई बोलायला अगदी घरातल्या. माझ्या लेकीच्या लेकीला जुळं होणार, पाचवा महिना लागलाय, म्हणून तर मी राहायला आले. नातजावई जहाजावर, म्हणजे घरात राज्य माझंच. शाळा दुसरीपर्यंतच, पण लिहायची हौस दांडगी.

मंगळवार

नातीने कामाची जागा दाखवली. गारढोण खोली, गुळगुळीत ओटे, ताटलीत शार्क माशाचा तुकडा. प्रत्येक जिवाच्या कणाकणात म्हणे एक बारीक मजकूर असतो, तो फक्त आईकडून उतरतो. या जातीच्या शार्कचा मजकूर अक्षरन् अक्षर वाचायचा, हे हिचं काम. मी म्हटलं, म्हणजे बापाचं नुसतं आडनाव! चष्मेवाली पोट धरून हसली.

त्या नादात मी तुकड्याला बोट लावलं. अगंबाई, काचपेपर नुसता! नात करवादली, आजी, मोजे घातल्याशिवाय शिवायचं नाही, आपलं त्यात मिसळतं. जो शिवेल त्याची थुंकी तपासून ठेवायची, असा तिथला नियम. मग काय, थुंकले बाटलीत. या वयात हेही नशिबी होतं!

शनिवार

बाई घरी आल्या. शार्कचा मजकूर आणि माझा, दोन्ही एकच निघाले. बाई म्हणाल्या, आजीबाई, तुमच्या बोटाची भेसळ! सगळे हसलो. चहा दोनदा झाला. नवा शार्क घेणार, आतलं मांस काढणार, मोजे घालून.

नातीला भूक फार. पोटात दोघं आहेत, खाऊ दे.

गुरुवार

नवा शार्क, तरी तेच. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा मजकूर दुसऱ्या माणसांच्या मजकुराशी लावून पाहिला. जुळत नाही. कोणाशीच नाही. म्हणजे माशात माझं मिसळलं नव्हतं. माझ्यातच माशाचं—

नातीची थुंकी तपासली. तिचीही तशीच. आईकडून उतरतं ना.

रविवार

चष्मेवालीला खोदून विचारलं, हा शार्क असतो तरी कसा. ती आधी नको नको म्हणाली. मग म्हणाली, पिल्लं आईच्या पोटातच वाढतात, आणि थोरलं असतं ते बाकीच्यांना तिथेच खातं.

माझी आई म्हणायची, पोटात तुम्ही दोघी होतात, आलीस एकटी. माझी लेकही तशीच. आम्हाला वाटायचं, दैव—

नातीला नाही सांगितलं.

मंगळवार

सोनोग्राफी. एकच दिसतं. दुसऱ्याचा मागमूस नाही. डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडून वळवून घेतला. नात रडली. मग जेवायला मागितलं.

बुधवार

बाई आणि चष्मेवाली येऊन गेल्या. उंबऱ्यातच उभ्या. मोठ्या इस्पितळात सोय करतात, शुक्रवारी गाडी घेऊन येतात. मी म्हटलं, आजच न्या, पाया पडते. शुक्रवारीच म्हणाल्या.

नात आता काही खात नाही. खाल्लेलं पोटातल्याला नको असावं—

म्हणाली, आजी, हात ठेव, लाथा मारतंय. ठेवला. लाथ नव्हे ती. आतून काचपेपरासारखं—

पोर कळवळतेय. माझीच पोर, आणि तेही माझंच—

शुक्रवारी येतो म्हणाल्यात. आज बुध