बिनचिठ्ठीचा खांदा

३ नोव्हेंबर, सोमवार

चिठ्ठी देत नाही म्हणाला. विषय संपला!

काल सिमित्रीत आईच्या थडग्यावरच्या कुरसाला हार घालायला उजवा हात वर केला, तो अर्ध्यातच अडकला. गंजलेल्या बिजागरीसारखा. मग डाव्याने घातला. आईला चालला असावा. खांदा गणपतीच्या आधीपासून धरलाय. केस विंचरता येत नाहीत, वरच्या फळीवरची बरणी काढता येत नाही, ब्लाऊजचे हूक — ते जाऊ दे.

आज चहाच्या वेळी ब्लेझला म्हटलं, कुडाळच्या हाडांच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहून दे. नवरा डॉक्टर, दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत, मधे नुसता एक पडदा. म्हणाला, "कशाक व्हयी चिठ्ठी? खांदो आपसूक बरो जातलो. शेक घे." आणि पेपर तोंडासमोर धरला.

चाळीस वर्षं अख्ख्या मालवणला चिठ्ठ्या लिहिल्या ह्याने. इथे रीतच पडलीय — डॉ. ब्लेझची चिठ्ठी असल्याशिवाय त्याचा पेशंट दुसऱ्या डॉक्टरची पायरी चढत नाही. चढला तर तो अपमान. आणि बायकोला चिठ्ठी नाही!

नाताळ तोंडावर आलाय. दोदोल कोण ढवळणार? गूळ आणि नारळाचा रस कढईपासून सुटेपर्यंत हात थांबवायचा नसतो. सगळ्या शेजाऱ्यांकडे आमचं ताट जातं, यंदा काय विकतचं पाठवायचं? मला ते नको. मला माझा हात परत हवाय.

४ नोव्हेंबर

सुभद्रा मागच्या दारी आली. ही दवाखान्यात मदतीला असते, गोळ्या बांधून देते, केसपेपर लिहिते. हळूच म्हणाली, "टीचर, कुडाळाक संचिता म्हणान एक पोरगी आसा. फिजिओ. थंय चिठ्ठी लागत नाय."

मी निवृत्त होऊन युगं लोटली, गावाला अजून टीचरच.

तुला कसं ठाऊक, विचारलं. "जातत लोक," एवढंच बोलली आणि पदराला हात पुसत निघून गेली.

चिठ्ठीशिवाय जायचं म्हणजे ब्लेझच्या तोंडावर सांगायचं की तुझ्याने काही होत नाही. तेव्हा त्याला कळता कामा नये. उद्या बुधवार, कुडाळचा बाजार. बाजाराला जाते म्हणून सांगेन.

५ नोव्हेंबर, बुधवार

गेले. एसटीत दांडा धरायला डावा हात, पिशवीलाही डावाच. उजवा नुसता सोबतीला.

संचिता इन्सुलीची. वयाने माझ्या शेवटच्या बॅचची शोभेल. नाव विचारलं तेव्हा माहेरचं आडनाव सांगितलं. या वयात! लाज वाटली, पण सांगितलं. डॉक्टरांनी पाठवलंय का, म्हणाली. नाही म्हटलं. "हरकत नाही. मी आधी तपासते. माझ्या हातातलं नसेल तर मीच सांगेन डॉक्टरांकडे जा म्हणून."

हात वर, हात मागे, हात बाहेर. मी वर केला तरी, तिने वर केला तरी तिथेच अडकला. खांदा आखडलाय म्हणाली. वेळ लागेल, रोज व्यायाम करावा लागेल. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, पालीसारखा. टेबलाला टेकून वाकायचं आणि हात लोंबता सोडून हलवायचा. दुखेल म्हणाली. दुखलंच.

परत येताना लाल माठ आणि सुकी सुंगटं घेतली. बाजाराचा पुरावा नको?

६ नोव्हेंबर

स्वयंपाकघराचं दार लोटून पालीचा व्यायाम. ब्लेझ बाहेरून: "दार कशाक लायलंस?" — "फोडणीचा ठसका जाईल दवाखान्यात!" गॅस पेटलासुद्धा नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज गंमत! संचिताच्या बाकावर गळ्यात पट्टा घातलेला एक माणूस. मान वळेना म्हणून तो सगळाच वळला — आमचा सत्यवान! काजूवाला, ब्लेझचा बापापासूनचा पेशंट. दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार.

"टीचर! तुमी हंय?"

"बाजाराला आले होते."

"मिया पण." मग त्यालाच राहवेना. "डॉक्टरांक सांगू नकात हां. मिया चिठ्ठी मागितलंय. देवक नाय. आता कोणाकच देत नाय ते."

कोणालाच? मला वाटत होतं फक्त मलाच. जरा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग राग आला. पेशंट दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून चिठ्ठ्या बंद? असा नव्हता ब्लेझ. म्हातारपणी माणसं कोती होतात म्हणतात, तसलं काही असेल.

हात आज कानाच्या वर गेला.

१४ नोव्हेंबर

सत्यवानाने कोंबडा पाठवला. तोंड बंद ठेवायचा कोंबडा!

ब्लेझ पुढून मागून निरखत होता. "ह्यो कशाक? सत्यवानाचा कायतरी चुकला आसतला."

असेल, म्हटलं.

सागुती केली. त्याने दोनदा वाढून घेतली. मला प्रत्येक घासाला चोरट्यासारखं झालं. चव मात्र फर्मास.

१७ नोव्हेंबर

स्वतःचे केस स्वतः बांधले. अंबाडा वाकडा. राहू दे वाकडा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

संचिता आज गंभीर. खांद्याचं ठीक चाललंय, पण तहान फार लागते का, वजन उतरलंय का, असलं विचारत बसली. दोन्हीला हो. "साखर तपासून घ्या. साखर असली की खांदे असे धरतात. आता हे काम डॉक्टरांचं, माझं नाही. त्यांना लपवून चालणार नाही." कुठले तुमचे डॉक्टर, म्हणाली. मालवणात आहेत एक, म्हटलं.

एसटीत विचार केला. लॅबवाला चिठ्ठीशिवायही रक्त घेईल, पैसे दिले की झालं. पण साखर निघाली तर ब्लेझपासून काय काय लपवणार? चहातली साखर? गोळ्या? किती बुधवार बाजार करणार? आणि खरं सांगायचं तर मला त्याची चिठ्ठी हवीच होती. इतक्या वर्षांत एकदाही मी त्याची पेशंट झाले नाही. डोकं दुखलं की पडद्याआडून गोळी यायची, बस्स.

२० नोव्हेंबर

सांगितलं सगळं. कुडाळ, संचिता, पाल, साखर. सत्यवानाचं नाव घेतलं नाही, त्याचा कोंबडा खाल्लाय.

म्हणाला, "माका इचारूक नाय तू."

विचारलं होतं! चिठ्ठी मागितली होती! तूच दिली नाहीस!

"बरा केलंस गेलंस ता," म्हणाला. खाली बघून. मी भांडायच्या तयारीत, आणि हा असं बोलतो!

मग म्हटलं, आता तरी साखरेच्या तपासणीची चिठ्ठी लिही. तर म्हणतो, "सुभद्राक सांग. ती लिवन दितली."

सुभद्रा! मला, त्याच्या बायकोला, चिठ्ठी सुभद्राच्या हातची! दोन ओळी लिहायला ह्याला इतकं जड? मी पडदा ओढून आत आले. इतकी वर्षं ज्याच्यासोबत काढली तो मला परका वाटला, आणि त्याचंच वाईट वाटलं.

२१ नोव्हेंबर

अबोला. तो दवाखान्यात, मी आत. सुभद्रा दोन्हीकडे बघते आणि पदर चावते.

२३ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये मिसाला एकत्र गेलो. एकाच बाकावर बसलो, मधे माझी पर्स. लोकांना काय दिसणार.

पाल आज भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत चढली. सांगायला कोणी नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी दवाखाना बंद असताना पडदा सारून गेले. त्याच्या नावाचा छापील कागद त्याच्यापुढे ठेवला, पेन हातात दिलं. लिही म्हटलं.

त्याने माझं नाव लिहायला घेतलं. बोटं आखडली, मनगट आत वळलं, पेन कागदात रुतलं. 'ते'च्या पुढे जाईना. मला आधी वाटलं सोंग करतोय. मग तोंड बघितलं.

"पावसाळ्यापासना," म्हणाला. "पेन धरलंय काय असां जाता. फकत पेन."

इंजेक्शन देता येतं, मासे साफ करता येतात, शर्टाची बटणं लावता येतात. म्हणून मला दिसलं नाही. सुभद्राला माहीत. लोकांना बिनचिठ्ठीचं पाठवत होती ती याच्यासाठी. कोणाला दाखवलंस का, विचारलं. "डॉक्टरान कोणाक दाखवायचा? आनी चिठ्ठी कोण लिवतलो?"

मला रडू आलं. तोही रडला. हे पहिल्यांदाच.

साखरेची चिठ्ठी सुभद्राने लिहिली. मी निमूट घेतली.

संध्याकाळी संचिताला फोन केला. परवा दोघांना वेळ हवी म्हटलं. दुसरं कोण, म्हणाली.

"आहेत एक पेशंट. डॉक्टरांची चिठ्ठी नाही त्यांच्याकडे. चालेल?"

चालेल म्हणाली.