तुमच्या नावानं वाढलेलं ताट

बाबा, रविवारी तुमच्या नावानं शाळा-कॉलेजच्या पोरींच्या कुस्त्या होऊन राहिल्या, अन् मांडवात तुमची लेक म्हणून कोण बसणार, तर ती! शेजारची! पत्रिकेत छापलं आहे, 'वस्तादांची मानसकन्या'. मग मी कोण? आई गेली तवा मी चौथीत. तुमी माझं दप्तर खुंटीले टांगलं अन् मले चुलीपाशी बसवलं. त्याच्याही आधी एकदा मी आखाड्याच्या मातीत उतरली होती. तुमी दंडाले धरून बाहेर काढलं. "पोरीची जात, मातीत लोळते काय? जा, भात पाह्य."

मग जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, त्याच्या मागून आपल्याकडच्या शाळेत मुलींच्या कुस्त्यांचं निघालं. तुमी शेजारच्या पोरीले पाहून म्हणाले, "हिच्या मानेत जोर आहे." माझी मान कधी पाहिली? त्याच मातीत तिले उतरवलं. मी विचारलं, "मले काहून नाही?" तर म्हणता, "तवा पोरींच्या कुस्त्या होत्या काय? अन् आता तू बावीसची घोडी." दूध तिले, बदाम तिले, अन् ते घोटणारी मी.

भंडाऱ्याले जिल्ह्याच्या कुस्त्या होत्या त्या दिवशीचं सांगते. तिचं वजन तिच्या गटाच्या अगदी काठावर. दोन दिवस नुसतं लिंबूपाणी, अन् चिंच चघळून थुंकत बसे, थुंकीनं तरी वजन उतरल म्हणून. सकाळी तुमी बस पाहाले फाट्यावर गेले. ती चुलीपाशी येऊन बसली, डोळे आत गेलेले. मी ताट वाढलं. भात, वरण अन् लोटाभर मठ्ठा.

"ताई, वस्ताद मारतील."

"त्यायनंच सांगतलं. जेव."

तुमचं नाव ऐकलं अन् पोरगी जेवली. एक शीत ठेवलं नाही.

काट्यावर अर्धा किलो जास्त भरली. स्वेटर घालून उन्हात मैदानाले फेऱ्या मारल्या म्हणे. वेळ संपला, नाव कापलं. संध्याकाळी आपल्या आंगणात तुमी तिले म्हणाले, "जिभेची गुलाम! माझ्या आखाड्यात पाय ठेवू नको." ती खाली पाहत उभी. मी दारात. वाटलं, आता माझं नाव घेते. नाही घेतलं. पंधरा दिवसांनी तुमीच तिले बोलावलं. पुढच्या साली ती जिल्ह्यात पहिली, मग कॉलेजात गेली तर विद्यापीठाची चॅम्पियन. तवा तुमी तिले खांद्यावर घेऊन गावभर फिरले, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. मले कधी घेतलं?

काल ती पत्रिका द्याले आली. आता कॉलेजात कुस्ती शिकवते. चहा पिता पिता म्हणते, "ताई, रविवारी मी त्या ताटाचं सांगणार आहे. वस्तादांचा अंदाज एकदाच चुकला. जेव म्हणाले अन् वजन वाढलं. चारचौघांत त्यायची चूक कशी दाखवू? मी चूप राहिली. पण त्यायनं कधी कबूल केलं नाही ताई. तेवढं एक मनात राहून गेलं."

म्हणजे इतकी वर्षं तिनं मले नाही, तुमाले झाकलं.

अन् बाबा, मले बरं वाटलं. खोटं कायले लिहू? तिच्या मनात तुमच्यावर एक डाग आहे अन् तो मी पाडला. तुमच्यातलं तेवढंच माझ्या वाट्याले आलं.

पण रविवारी ती माइकवर सांगल, अन् सारा गाव म्हणल, वस्तादच चुकला अन् पोरीले बोल लावला. तिले आधी खरं सांगू काय? सांगतलं तर तुमी पुरेच्या पुरे तिचे होता, माझ्यापाशी काही उरत नाही. हे पत्र टाकू तरी कुठं, तुमाले तर वैनगंगेत सोडून आलो. तरी मले जवाब पाहिजे. शनिवारी दुपारी ती मांडव पाहाले येणार. शनिवारी सकाळी दहाच्या आत सांगा. एकदा तरी तिच्या आधी माझ्याशी बोला.