सुटलेला गाल

३ मार्च

आलो एकदाचे. सामान वर चढवताना माझा जीव अर्धा झाला, पण खोल्या झकास आहेत. संग्रहालयाच्या मागेच असल्यामुळे दुपारी धावत येऊन बाबांना बघता येतं. त्यासाठीच तर ही नोकरी धरली. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली आहे आणि उजवी बाजू लुळी. डॉक्टर म्हणतात, बोलतील किंवा नाहीही बोलणार. मी म्हणते, बोलतील. एकदा मला नावाने हाक मारली की मी भरून पावले, मग पुढे कितीही शिव्या घालू देत. दिवसा त्यांच्याजवळ बसायला एक मावशी मिळाल्यात. त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो, म्हणजे घरात शांतता नांदायची भीती नाही.

५ मार्च

कामावर माझा हात बसला. दगडात अडकलेले ट्रायलोबाइट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म, बारीक सुईने मोकळे करायचे. खेकड्या-विंचवांचे हे लांबचे चुलते. जमिनीवर चिटपाखरू नव्हतं तेव्हा हे समुद्राच्या तळाशी रांगत होते. पुढे पिढ्यान् पिढ्या बदलत गेले. कोणाला काटे फुटले, कोणी घाबरलं की अंगाची गोळी करायला शिकलं, कोणाचे डोळे देठावर चढले. आणि डोळ्यांतली भिंगं दगडाची! मेल्यावर झालेली नव्हेत, जिवंतपणीच. भिंगाखाली बघताना वाटतं, तेही आपल्याला भिंगातूनच बघतायत.

विभागाच्या मॅडम आज रजेवर गेल्या. काही अडलं तर मी येईपर्यंत हात लावू नकोस, असं बजावून गेल्या. थांबणं आमच्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही.

९ मार्च

बऱ्याच नगांचे गाल सुटलेले आहेत. डोक्याच्या दोन्ही अंगांना गालांसारखे तुकडे असतात, ते डोळ्याजवळच्या शिवणीवरून निघून बाजूला पडलेत. इतक्या देखण्या जिवांची ही दशा मला बघवेना. सरळ गोंद घेतला आणि गाल जागच्या जागी बसवत सुटले. सांधा शोधून दाखवावा कोणी! मॅडम आल्या की खूश होतील.

भंगारात काढलेला एक नग मी असाच जोडून बाबांना आणून दिला. त्यांनी तो डाव्या मुठीत घट्ट धरला. हसलेसुद्धा, अर्ध्या तोंडाने का होईना. मला रडूच आलं.

१४ मार्च

बाबा तो दगड सोडत नाहीत. मावशी म्हणतात, आंघोळीलाही सोबत लागतो, पोरासारखे झालेत अगदी. त्यांची कातडी मात्र कोरडी पडलीय, हाताला टणक लागते. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस, सदरा काखेत काचतोय का हे चिमटीने ओढून बघायची सवय. आज तस्सं स्वतःचं कातडं ओढत होते. डॉक्टरांनी मलम दिलंय. चोळून चोळून माझी बोटं दुखली.

१७ मार्च

मी चिकटवलेले गाल ट्रेमध्ये पुन्हा सुटले. सगळेच. गोंद भिकार निघाला म्हणून जाड थर दिला. वाळत ठेवले तेव्हा आतून नख घासल्यासारखा आवाज आला. गोंद आकसत असेल. कान लावून ऐकलं. गोंद असा थांबून थांबून आकसतो का?

२० मार्च

बाबांच्या तोंडावर चीर पडलीय. डोळ्याच्या कोपऱ्यातून जबड्यापर्यंत, दोन्हीकडे सारखी. रक्ताचा थेंब नाही. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि चपला शोधू लागल्या. एवढी बोलकी बाई, पण जाताना एकच वाक्य बोलली, चिरेतून कोणीतरी बघतंय. डॉक्टर गावाला गेलेत. संध्याकाळपर्यंत उजवा गाल सुटून लोंबायला लागला. बापाचा गाल असा लोंबताना कोण बघेल?

मी गोंद आणला. जोडकाम मला येतं. बाबा डोकं हलवत होते, मी धरून ठेवलं.

२१ मार्च

बाबा शांत आहेत. पापणी लवत नाही. जेवण तोंडात तसंच राहतंय.

छातीला कान लावला. आतून कोणीतरी ठोकतंय. हृदय असं ठोकत नाही.

२२ मार्च, दुपार

मॅडम आल्या. ट्रे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मी मदतच केली म्हटलं, तर खुर्चीत बसल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं हळू म्हणाल्या, "अगं, ही मेलेली नाहीत, टाकलेली आहेत. कात आहे ती. गाल सुटतात ते आतल्याला बाहेर पडता यावं म्हणून."

मी विचारलं, गाल सुटलाच नाही तर?

"तर तो आतच गुदमरतो."

पळत आले. जिना कसा चढले आठवत नाही. मीच बंद केलं त्यांना. मी, या हातांनी —

संध्याकाळ

ठोकणं मंद झालंय. कामावरची सुई आणलीय. गोंद निघत नाही. इतका पक्का का लावला मी, बाबा, जरा कळ काढा —

उघडला. उजवा. आता डावा —

नंतर

बाहेर आला. पांढरा, मऊ, भिजलेल्या कणकेसारखा. दोन्ही हात चालतात. कपाटामागे जाऊन बसलाय. तोंड बाबांचं आहे, लग्नाच्या फोटोतल्यापेक्षाही कोवळं. पलंगावर कात पडलीय, पालथी, आख्खी, नखांसकट.

आणि बोलला. बोलला! माझ्याकडे बघून म्हणाला, "तू कोणाची गं?"

मी म्हटलं, बाबा, तुमची.

तो हसला. पूर्ण तोंडाने. "माझं अजून लग्न कुठं झालंय?"

मी नाव सांगितलं. आईचंही. त्याला काहीच — कसं असेल, ते सगळं तर नंतरचं —

पलंगावरून हाक आली.

माझ्या नावाने. लहानपणी मारायचे तश्शी, शेवटचं अक्षर लांबवून. कात उलटी केली. आत काही नाही. नुसते ओठ हलतायत. मला ओळखणारं सगळं त्यातच राहिलंय. मांडीवर घेतलीय, पुन्हा हाक मारतायत, बाबा, आहे मी, इथेच —

तो कपाटामागून आलाय. म्हणतो, भूक लागलीय. म्हणतो, ते माझं आहे, दे इकडे. मऊ हात, पण ओढ केवढी — नाही देणार — कात पायाकडून खायला लागलाय — हाक अजून येतेय, माझं नाव, अर्धं —