शेंदराचा ठिपका

कार्तिक शुद्ध नवमी, बेडसे

आज पहाटे काकड आरतीला वरच्या सुरात गेलो आणि माझा आवाज फाटला. पेटीच्या काळी चार या उंच पट्टीवर वडिलांनी लावलेला शेंदराचा ठिपका आहे. लहानपणापासून मी तिथूनच गातो. वयात येताना आवाज फुटला, तेव्हाही त्यांनी सूर उतरवू दिला नाही. ते गेले तेव्हा त्यांच्याच गळ्यात नुसती खरखर उरली होती. इतकं वर गाऊ नकोस, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलंय, तरी मी...

पेटी वाजवणारे आबा म्हणाले, "देव काय बहिरा न्हाई लेका, खाली ये की!" सगळे हसले. मीही.

सूर उतरवला तर वडिलांना वाईट वाटेल का?

संध्याकाळी एकटाच देवळात गेलो. ओल्या फडक्याने तो ठिपका पुसला. सहज निघाला नाही. मग खालची काळी एक धरून हळूच आरती म्हटली.