त्या वरच्या घरावर माझा शिक्का उठणार नाही

चि. किनु हिला थोरल्या बहिणीचे, म्हणजे त्सुनेचे, पोटभर आशीर्वाद. (तुला शहात्तरावं लागलं हे मला ठाऊक आहे. माझ्या आधी जन्मली असतीस तर मी तुला तीर्थरूप लिहिलं असतं.) तुझी तब्येत बरी असेल, तुझे यजमान अजून झाडांवर चढत असतील आणि तू खालून ओरडत असशील, असं धरून चालते. तुमच्या एहिमेत ऊन असेल. इथे होक्काइदोत काय आहे ते विचारू नकोस. माझे गुडघे जागच्या जागी आहेत, वाकत नाहीत एवढंच. संत्र्यांची पेटी पोचली, तिच्याबद्दल शेवटी लिहिते. आधी तुझ्या सख्ख्या बहिणीला तिच्या पोटच्या पोराने कुठे टाकून दिलं ते वाच, आणि उभ्याने वाचू नकोस.

माझा मोरिओ पन्नाशीला आला. शेतकी संघात नोकरी, सून चिझुरू दातांच्या दवाखान्यात, नात कोतोने बारा वर्षांची. माणसं वाईट नाहीत, उन्हाळ्यात तर त्यांना कोणी नावं ठेवणार नाही. पण डिसेंबरात पहिलं मोठं बर्फ पडलं की तिघांच्या एकदम अंगात येतं. कडक थंडीत रात्रभर बर्फ पडलं की ते कोरडं राहतं, तांदळाच्या पिठासारखं, हे तुला सांगायला नको. त्याला ही मंडळी पावडर म्हणतात. डोंगरावर त्या पिठावरून दुसरं कोणी जायच्या आत आपण स्कीच्या फळ्यांवरून घसरायचं, एवढाच सगळा खेळ. कोणाच्या फळ्यांची रेघ आधी उठली की ते उष्टं झालं म्हणे. आपण दोघी बाबांनी रंधून दिलेल्या फळ्या पायाला बांधून शाळेत जायचो (म्हणजे तू जायचीस, माझं नाव शाळेत होतं आणि मी बटाट्यांत होते), पण वाटेत रेघा दिसल्या म्हणून कोणी तोंड वाकडं केल्याचं मला आठवत नाही. उलट रेघ दिसली की बरं वाटायचं, पुढे कोणीतरी जिवंत गेलंय म्हणून.

नवराबायकोने पाळ्या लावून घेतल्यात. एक सकाळ त्याची, एक तिची. ज्याची पाळी नाही त्याने दारातलं बर्फ काढायचं, कोतोनेला उठवायचं, डबा भरायचा. खाचरांच्या पाण्याच्या पाळीवरून पूर्वी डोकी फुटायची असं आजोबा सांगायचे, ते मला आता पटतं. गेल्या महिन्यात मोरिओ बायकोची पाळी चोरून गेला, तर तिने दोन दिवस त्याला नुसता भात आणि मुळ्याच्या लोणच्याची एक फोड वाढली, आणि ती फोडही तिने शेपटाकडची निवडली होती. हीच बाई शाळेत मास्तरणीला भेटायला स्कीची विजार घालून सळसळत गेली. मी लाज काढली तर कोतोने म्हणाली, आजी, मास्तरीणबाईंनीपण तशीच घातली होती. आता काय बोलायचं?

खर्चाचं तर विचारूच नकोस. पिठाला रुंद फळ्या, कडक बर्फाला अरुंद फळ्या, आणि मधल्या बर्फाला मधल्या. ओसरीत फळ्यांचं असं रान माजलंय की माझी छत्री ठेवायला जागा नाही. त्यावर कळस म्हणजे वरून बर्फाचा कडा कोसळला तर एकमेकांना शोधायची सामग्री: गळ्यात अडकवायची टिकटिक करणारी डबी, घडीचं फावडं, आणि एक लांबच लांब सळई, बर्फात खुपसून खाली माणूस लागतो का बघायला. प्रत्येकाची वेगळी. त्याच महिन्यात फ्रीज बिघडला. तर मोरिओ म्हणतो, आई, हिवाळाच आहे, सगळं ओसरीत ठेवू. अगं, आपल्याकडे हिवाळ्यात फ्रीज लागतो तो जिन्नस गोठू नयेत म्हणून. हे इथेच जन्मलेल्या माणसाला मी सांगायचं? टोफू फोडायला मला हातोडी घ्यावी लागली.

आता मुद्द्यावर येते. शरदात मी जिन्यावरून घसरले ते तुला फोनवर सांगितलंच. (तीन पायऱ्या. मोरिओ सगळ्यांना सात सांगतो.) तेव्हा ठरलं होतं की खालच्या मजल्यावर माझ्यासाठी एक खोली काढायची, तिला लागून संडास. सुतार येऊन मापं घेऊन गेला, पैसे बाजूला पडले. आणि नोव्हेंबरात एकदा जेवताना मोरिओने माझ्या वाटीत न मागता मासळीचा मोठा तुकडा घातला. तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, आई, मी वर डोंगराखाली एक घर बघितलंय, एकमजली आहे, तुला जिनाच चढायला नको. मी विचारलं, आणि तुला? तर म्हणतो, मला डोंगरावर नेणारी लिफ्ट चालत जाण्यासारखी आहे. म्हणजे बघ, माझे गुडघे पुढे करून हा डोंगर विकत घेणार. त्यासाठी हे राहतं, बाबांचं घर विकायचं. कोपऱ्यावर टोफूवाला, पलीकडे देऊळ, समोर ती ओहाताबाई जिच्याशी मी वीस वर्षं बोलत नाही. वर जाऊन मी न बोलायचं कोणाशी?

बाबांनी घर आपल्या दोघींच्या नावावर ठेवलं, ते माझा नवरा घरजावई होता आणि त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून. (बरोबरच होतं त्यांचं.) त्यामुळे विकायचं तर कागदावर सहीच्या जागी माझा शिक्का लागतो आणि तुझाही. हे मोरिओला पक्कं माहीत आहे, म्हणून एरवी आठवणही न काढणारा भाचा नववर्षाला तुला एवढा लांबलचक फोन करत होता.

तर गेल्या रविवारी मला ते घर एकदा दाखवून तिथेच कागदांवर शिक्का घ्यायचा बेत ठरला. जानेवारीतल्या सकाळी व्यवहार ठरवायचा, ही अक्कल आमच्याच घरात निघू शकते. आदल्या रात्री कंबरभर बर्फ पडलं. मी चांगला किमोनो नेसले, शिक्का कमरपट्ट्यात खोचला, आणि गाडीत बसले तर माझ्या मांडीवर फळ्यांची टोकं. म्हटलं हे कशाला? तर म्हणे राहून गेल्या गाडीत. दलाल वरच वाट बघत होता, कुरिमोतो नावाचा पोरगेला माणूस, वर कोट आणि टाय, खाली सळसळती विजार. घरमालक निशिदाते म्हणून माझ्याच वयाचा म्हातारा, कानाने अधू, बायको गेल्यापासून एकटा. चहा झाला. कागद पसरले. आणि मी बघते तर आमची तिघं आणि कुरिमोतो, चारही चेहरे खिडकीकडे, मासळीच्या दुकानाबाहेर मांजरं बसावीत तसे. तेवढ्यात ढग फाटला, डोंगर दिसला, आणि त्यावर एकही रेघ नव्हती.

मोरिओ उठला. म्हणाला, आई, फक्त एकदा खाली येतो, दहा मिनिटं. चिझुरू म्हणाली, आज पाळी माझी आहे. तो म्हणाला, रविवार पाळीत धरत नाहीत. ती म्हणाली, आईंजवळ कोणीतरी थांबायला हवं. मग तो कुरिमोतो म्हणाला, मी थांबतो ना आजींजवळ. तिघं गेली, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत तोही म्हणाला की पाण्याची वाहिनी कुठून येते ते जरा वर जाऊन बघतो. वाहिनी बघायला फळ्या खांद्यावर कशाला लागतात, हे मी विचारेपर्यंतसुद्धा तो थांबला नाही.

जरा वेळाने धडाड असा आवाज झाला आणि खोलीत अंधार. छपरावरचं सगळं बर्फ घसरून पुढच्या दारावर आलं होतं. निशिदाते शांतपणे म्हणाला, "दर वेळी असंच होतं. विकायचं घर आहे, पण तुमच्यापासून काय लपवायचं? छपराचं बर्फ दारावर कोसळतं, आणि रस्ता साफ करणारी गाडी सगळ्यांत शेवटी इकडे येते. मुलाकडे चाललोय तो उपसायला आता कंबर राहिली नाही म्हणून. पाणी मात्र चांगलं आहे. जमिनीतूनच गरम येतं. आंघोळ करणार का? पाहुण्यांनी आधी." आणि त्याने तोटी सोडली. आता तूच सांग, दार बंद, पोरं डोंगरावर, म्हाताऱ्याला एक वाक्य तीनदा सांगावं लागतं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी जाऊन बसले. त्याने मागच्या दाराची वाट काढली आणि सुमोच्या कुस्त्या मोठ्याने लावून बसला.

पुढचं नीट वाच. ती दहा मिनिटं दुपार उलटल्यावर संपली. न्हाणीला पुढच्या अंगणावर उघडणारी एक छोटी खिडकी आहे. बाहेर गलका झाला म्हणून मी ती किलकिली केली. बघते तर पुढच्या दाराच्या जागी बर्फाचा डोंगर, आणि त्याच्याभोवती चौघं जण त्या लांब सळया खुपसत होते. मला शोधत होते गं. मोरिओ "आई, आई" करत घडीच्या फावड्याने असा उपसत होता की आमच्या दारातलं बर्फ त्याने जन्मात तसं उपसलेलं नाही. चिझुरू ओरडत होती की तुझीच पाळी होती थांबायची. तो म्हणत होता रविवार होता. कोतोने टिकटिक डबी घेऊन फिरत होती. (माझ्या गळ्यात कोणी डबी बांधली नव्हती, तर टिकटिक करणार कोण?) तो कुरिमोतो एका जागी सळई खुपसून म्हणाला, काहीतरी लागलं. ती पायपुसणी निघाली. मी थोडा वेळ बघितलं. लगेच हाक मारायला हवी होती असं चिझुरूचं म्हणणं आहे, पण एवढी महागाची सामग्री घेतलेली, कधीतरी वापरली जाऊ दे की. मग म्हटलं, "दार मागे आहे. आणि खिडकी लावून घेते, वारा येतोय."

मोरिओ रडत होता असं सून सांगते. थंडीत सगळ्यांचंच नाक गळतं.

घरी येताना गाडीत मी सांगून टाकलं की या घरावर माझा शिक्का उठणार नाही, आणि वाटलं तर मी जिन्यावरून आणखी तीन पायऱ्या पडेन. दुसऱ्या दिवशी कुरिमोतो माफीची मिठाई घेऊन आला आणि माझ्यासमोर चटईला कपाळ टेकून बसला. (मिठाई बरी होती, डबा लहान होता.) तेव्हापासून घरात सगळे सभ्य झालेत. मंगळवारी पुन्हा बर्फ पडलं तरी कोणी गेलं नाही. तिघंही दात आवळून नाश्ता करत होते आणि मोरिओ सूप पिताना खिडकीकडे पाठ करून बसला होता. मला दया आली नाही. सुताराला पुन्हा बोलवू असं तो आपणहून म्हणाला. मी म्हटलं बघू.

तुला एवढंच सांगायचं की मोरिओचा फोन आला तर विरघळू नकोस. तो तुला लहानपणच्या गोष्टी सांगेल, तुझ्या हातच्या लोणच्याची आठवण काढेल. तू म्हणायचं, ताई नाही म्हणते तर माझंही नाही. तुमच्याकडच्या थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांग. मधल्यांना काही सांगू नकोस, सगळे घोळ तेच घालतात.

तुझी ताई,
त्सुने

ता. क. संत्री गोड आहेत, पण खालचा थर गोठला. पुढच्या खेपेला जुन्या गोधडीत गुंडाळून पाठव. वर्तमानपत्रात नको, त्या कागदाला ऊब नसते.

ता. क. दुसरा. त्या आंघोळीनंतर मी गाडीतून उतरले ती कोणाचा हात न धरता. हे घरात कोणाच्या लक्षात आलेलं नाही आणि मी लक्षात आणून दिलेलं नाही. माझे गुडघे रात्री ठणकले नाहीत, असं शेवटचं कधी झालं होतं ते मला आठवत नाही.

ता. क. तिसरा, हा तुझ्या यजमानांना वाचायला देऊ नकोस. तुमच्या नगरपालिकेतून तुझा शिक्का तुझाच असल्याचा दाखला काढ आणि रजिस्टर्ड टपालाने पाठव. माझ्या नावाने पाठव, मोरिओच्या नाही. बाबांच्या घरातल्या तुझ्या अर्ध्याचे पैसे आधी तुझ्या हातात पडतील, मगच मी त्या वरच्या घरात पाय ठेवेन. पण फोनवर तू नाहीच म्हणत राहायचं, दाखला माझ्या हाती पडला तरी. मला त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घ्यायची आहे. आपल्या घरात एकाच हौदातल्या पाण्यात आधी बाबा न्हायचे, मग घरजावई असून माझा नवरा, मग मोरिओ, आणि आता हे तिघं डोंगरावरून आले की धावत न्हाणीत. त्या पाण्यात मी शेवटी, आणि माझ्यानंतर कपडे. मागून घेतलं नाही म्हणून मिळालं नाही. वर गेल्यावर रोज पहिलं पाणी माझं, हे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं. मी सांगितलं तर ते म्हातारीचं खूळ होईल, त्याने देऊ केलं तर तो नियम होईल. छपराचं बर्फ दारावर कोसळतं ते काढायला घरात फावडी आहेतच.

ता. क. चौथा. घाई कर. सप्पोरोचं एक जोडपं तेच घर बघतंय असं कुरिमोतो सांगून गेला. तेही स्कीवालेच आहेत, आणि आठवडाभर बर्फ आहे असं हवामानवाले म्हणतात, म्हणजे तोवर ते कागदाला हात लावत नाहीत. तेवढ्यात दाखला पोचला पाहिजे. वसंतात तू ये. गुडघे तुझेही आहेत. मात्र पाहुणी म्हणून येऊ नकोस, बहीण म्हणून ये. दुसरं पाणी तुझं.