मालकाची भूमिका

२ मार्च, सकाळी ७
नाट्यमंडळाच्या नाटकात मला मालकाचं काम मिळालं. पोटच्या मुलाला धंद्यातून हाकलणारा निर्दय उद्योगपती. बायको म्हणाली, तुम्ही? आणि हसता हसता तिला ठसका लागला. दुर्लक्ष केलं. खऱ्या कलावंताला घरातून पाठिंबा मिळत नसतोच.
संकल्प: रोज पहाटे पाचला आवाजाचा व्यायाम. उद्यापासून.

४ मार्च
व्यायाम केला. शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं, कुणाला दवाखान्यात न्यायचंय का? व्यायाम बंद. आवाज मुळातच चांगला आहे.
भूमिकेसाठी नमुना शोधायला लांब जायला नको. आमचे साहेब! बाटल्यांच्या झाकणांचा कारखाना, तीनशे माणसं, आणि जिन्यावर साहेबांचे बूट वाजले की तीनशेच्या तीनशे चिडीचूप. डिस्पॅचमध्ये मला एकोणीस वर्षं झाली. साहेबांना माझ्याइतकं बारकाईने कुणी पाहिलेलं नाही. कुणाला झाडायच्या आधी ते चष्मा काढतात आणि रुमालाने सावकाश पुसतात. समोरचा तेवढ्यातच अर्धा होतो. हे उचलायचं.

७ मार्च
तालमीत चष्मा पुसला. मुलाचं काम करणारा औषधदुकानदार वाक्यच विसरला. दिग्दर्शक (दिवसा शाळेत भूगोल शिकवतो) टाळ्या वाजवत उठला. मग मीच आणखी एक सुचवलं. मुलाला काढताना मालकाने ओरडायचं नाही. मुलगा जेवायला गेला की त्याचं टेबल उचलून न्यायचं. परत येतो तर खोलीत नुसती खुर्ची. साहेबांनी सख्ख्या धाकट्या भावाला असंच काढलं होतं. तेव्हा टेबल जिन्यावरून उतरवताना एक पाय मीच धरला होता.
दिग्दर्शक म्हणाला, कुठून सुचतं हो तुम्हाला! म्हटलं, आतून येतं.

१२ मार्च, दुपारी २
अक्षर बिघडलंय, कारण पेन खराब आहे.
प्रयोगाला साहेब येणार. सहकुटुंब. पहिली रांग. सभागृह त्यांच्याच ओळखीने मिळालं म्हणे. हे आधी सांगायला काय झालं होतं?
मी घाबरलेलो नाही. या वयात दुसरी नोकरी कोण देणार, एवढाच एक प्रश्न आहे. जेवण जात नाही ते उकाड्याने.

१३ मार्च
दिग्दर्शकाला शांतपणे सुचवलं, टेबलाचा प्रसंग गाळू या. म्हणाला, वेडे आहात का, नाटकाचा जीव आहे त्यात. माझाही आहे, हे बोललो नाही.
बायको म्हणाली, सरळ सांगा ना त्यांना, भीती वाटते म्हणून. म्हटलं, भीती? मला? तेवढ्यात फोन वाजला आणि कप हातातून पडला. फोन तिच्या बहिणीचा होता.

१५ मार्च
योजना: आजारी पडणे. थंड पाण्याने तीनदा आंघोळ केली, ओल्या केसांनी गच्चीवर बसलो. ताप नाही, सर्दी नाही. भूक मात्र कडकडून लागली. या शरीराचा वेळेवर कधीच उपयोग होत नाही.

१८ मार्च
नवी योजना, आधीपेक्षा चांगली. मालक बदलायचा. साहेबांची ओळखच पटणार नाही इतका प्रेमळ करायचा. तालमीत मुलाला हाकलताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला. औषधदुकानदार म्हणाला, काका, असं केलंत तर मी धंदा सोडून जाऊ कशाला?
शिवाय चष्म्याची खोड आता सुटत नाही. भाजी अळणी होती. नकळत चष्मा काढून पुसायला लागलो. बायको म्हणाली, पुसून झाला की नीट बघा, मीठ समोरच आहे.

२२ मार्च, संध्याकाळी ६, रंगपटात
पडद्याच्या फटीतून पाहिलं. साहेब आलेत. शेजारी वहिनीसाहेब. त्यांच्या पलीकडे धाकटे भाऊ! त्यांना कुणी बोलावलं? दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता सरळ स्टेजकडे बघताहेत. म्हणजे माझ्याकडे.
ठरलं. मान खाली घालून वाक्यं संपवायची. तिसरी घंटा झाली.

२३ मार्च, सकाळी ६
काल जे झालं ते एकदाच लिहितो.
नाटकभर मालक खुर्चीत बसलेला असतो आणि बाकीचे त्याच्यासमोर उभे. बसलो. पहिल्याच वाक्याला साहेब खोकले. आमच्या ऑफिसात साहेब खोकले की उठायचं असतं. उठलो. बसलो. पुन्हा खोकले. सर्दी झाली होती त्यांना. (मला का झाली नाही?) दुसऱ्या अंकात बसण्याचा नाद सोडला.
मग टेबल. उचलायला दोघे आले, त्यातल्या एकाला झेपेना. आणि मी, कोट्यधीश उद्योगपती, लगबगीने पुढे होऊन एक पाय धरला. मुलगा परत आला. मला म्हणायचं होतं, चालता हो. तोंडातून निघालं, उभे का, बसा ना, टेबल आणतो मी परत.
सभागृह हसलं. धाकटे भाऊ हसले नाहीत. ते टेबलाकडे बघत राहिले.
साहेबांनी हाकलण्याआधी आपणच मानाने जावं. राजीनामा लिहिला. बायकोने शुद्धलेखन तपासून दिलं. दोन चुका निघाल्या.

२३ मार्च, सकाळी ११
ऑफिसच्या दारापाशीच गाठायचं ठरवलं होतं. साहेब गाडीतून उतरले. बरोबर मॅनेजर. माझा एक हात खिशात राजीनाम्यावर, दुसऱ्याने दार उघडून धरलेलं.
साहेब मॅनेजरला सांगत होते, नाटक ठीक होतं, पण मालक शेवटपर्यंत स्टेजवर आलाच नाही, हे काही पटलं नाही बुवा. मॅनेजर म्हणाले, हो ना, मलाही खटकलं. साहेब म्हणाले, तो नोकर मात्र अव्वल. असा एक माणूस आपल्या ऑफिसात हवा होता.
आणि माझ्यासमोरून आत गेले.
नोकरी वाचली. चांगलंच झालं. फार चांगलं झालं.
यापुढे कुणासाठीही दार धरायचं नाही. ठाम निर्णय. साहेब बुधवारी परगावी जाताहेत. बुधवारपासून सुरुवात.