जीपला कुठले टायर

९ नोव्हेंबर, रविवार

चारी टायर गेले. सयाजीभावजी सकाळी आले होते, त्यांनीच दाखवलं. बाजूच्या रबराला भेगा पडल्यात, नख घातलं तर आत जातं. "वहिनी, ह्या टायरवर आता बाजारापतोर पण न्हेऊ नका," म्हणाले.

सयाजीभावजी म्हणजे ह्यांचे डोंगरातले जोडीदार. दोघांच्या दोन जीपा. आंबा, गगनबावडा, दाजीपूर — रविवार कधी घरात गेला नाही. आता ह्यांचं बंद. दसऱ्यानंतर शिरोलीच्या वर्कशॉपमधून घरी यायला निघाले ते शिये फाट्यावर सापडले. रस्त्याकडेला जीप उभी, इंजिन चालू, हे स्टिअरिंग धरून बसलेले. घर कुठल्या बाजूला ते सुचेना म्हणाले. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. वाढत जाणारा. गाडी चालवायची नाही, हेही ह्यांच्या तोंडावरच सांगितलं.

तेव्हापासून रोज सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन जीपमध्ये बसतात. चावी माझ्याकडे असते. मागत नाहीत. मागितली असती तर मी भांडले तरी असते.

आज टायर बघून म्हणाले, "बदलूया की."

कुठं जायचंय, मी विचारलं.

"मसाईच्या पठारावर. गवत पिवळं पडलं असंल आता."

भावजी माझ्याकडे बघायला लागले. चालवणार कोण, हे कुणीच विचारलं नाही. मीच म्हटलं — मी चालवीन.

१० नोव्हेंबर

आदितीचा बेंगळुरूहून फोन. भावजींनी तिला सांगितलेलं दिसतंय. "आई, टायर कसले घेतेस? काढून टाक ती जीप. तुझं वय काय, ती गाडी काय." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "पप्पांना कळतं का गं, काय चाललंय ते?"

सगळं कळतं म्हटलं. खोटं नाही बोलले. आजचा दिवस तरी.

१४ नोव्हेंबर

जीप शिकायला सुरुवात. भावजींच्या जीपवर, नदीकडच्या कच्च्या रस्त्याला. इतकी वर्षं लहान गाडी चालवली, पण हे वेगळंच जनावर आहे. क्लच दाबताना मी सीटवरून वर उठते. भावजी शेजारी, हे मागे. उतारावर मी ब्रेकवर पाय दिला तर मागून आवाज — "ब्रेक सोड. पहिल्या गेरात घाल आनि पाय काढून घे. इंजिनच धरतंय तिला."

पाय काढला. खरंच धरलं. सावकाश, गुरगुरत खाली आलो.

"बघ," हे म्हणाले. इतका मोकळा आवाज महिनाभरात ऐकला नव्हता. मागे वळून बघावंसं वाटलं, पण रस्त्यावरची नजर काढायची छाती झाली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ट्यूबचे टायर घ्यायचे की ट्यूबलेस, ह्यावर आमच्या हॉलमध्ये आज सभा. मी पोहे केले आणि ऐकत बसले.

भावजी ट्यूबलेसचे. "काटा घुसला तरी हवा हळूहळू जाती, वहिनी. घरापतोर पोचताय तुमी. आनि न्हाय पोचला तरी चाक खोलायचं न्हाय, जॅक न्हाय. बाहेरनंच रबराची वात खुपसायची, पंप लावायचा, चला. तुमाला एकटीला जमणारं काम हाय."

एकटीला, म्हटल्याबरोबर ह्यांनी पोह्याची ताटली खाली ठेवली.

"एकटी कशी? मी न्हाय काय गाडीत?"

भावजी गडबडले. "तसं न्हवं रे जिनेंद्र—"

"मग कसं? दगडात टायर रिमवरनं सुटला तर तुझ्या ट्यूबलेसचं काय करायचं? सगळी हवा एका दमात गेली की तो पंप-बिंप काय कामाचा न्हाय, मोठा कॉम्प्रेसर लागतोय. पठारावर कुठनं आणायचा? ट्यूब असली की मानूस आपल्या हातानं उभा ऱ्हातंय. ठिगळ लाव, हवा भर, चल. शिवाय आपली रिमं जुनी, ठोकून सरळ केल्याली. ट्यूबलेसला नवी लागतील."

एका दमात एवढं बोलले. एक शब्द चुकला नाही, एक अडला नाही. भावजींनी आणि मी एकमेकांकडे बघितलं.

दोघांचंही खरं आहे, हीच अडचण.

१९ नोव्हेंबर

माझं मन ट्यूबलेसकडे आहे. शाहूपुरीत टायरच्या दुकानात जाऊन आले. तिथल्या मालकांनी ट्यूबचं चाक आडवं टाकून दाखवलं — टायरची कड पट्टीनं उचकटायची, ट्यूब ओढून काढायची, ठिगळ लावून परत आत बसवायची. मला ते चाक नीट उचलतासुद्धा येईना. ह्यांच्या भरवशावर डोंगरात जायचं म्हणजे—

पुढचं लिहीत नाही. नवी रिमं आणि ट्यूबलेस, असं दुकानात बोलून ठेवलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी जैन बस्तीतून दर्शन घेऊन आलो. नाष्टा झाला. थोड्या वेळानं म्हणाले, "आज नाष्टा न्हाय काय?" परत थोडं ताटात वाढलं.  खाताना मात्र त्यांना उमगलं असावं. अर्ध्यात ताट सरकवून खाली निघून गेले.

बऱ्याच वेळानं मी पार्किंगमध्ये गेले, तर जीपचं एक चाक काढून फरशीवर आडवं टाकलेलं. ह्यांनी बाह्या वर सारल्या होत्या. टायरच्या कडेत एक पट्टी खुपसून तिच्यावर गुडघा ठेवला, दुसरी पट्टी वीतभर पुढं. कड सुटत गेली, ट्यूब बाहेर आली. तीत हवा भरून गालाशी धरली आणि डोळे मिटून हळूहळू फिरवली. गालाला वारा लागला तिथं थांबले, खडूनं फुली मारली. पॉलिश पेपरनं ती जागा घासली. सोल्युशन लावलं आणि वाळेपर्यंत वाट बघितली — नुसती वाट बघत बसले, मांडीवर हात ठेवून. मग ठिगळ चिकटवून हातोडीनं ठोकलं. ट्यूब आत घालायच्या आधी टायरच्या आतून बोटं फिरवून बघितली, काटा राहिलाय का ते.

मी जिन्यापाशी उभी होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "राजमती, तुझी तोंडाला लावायची पावडर आण जा."

कशाला, विचारलं.

"ट्यूबला लावतात. टायरला घासत न्हाय मग."

डबा आणून दिला. सगळ्या ट्यूबला पावडर चोळली, लहान पोराला अंघोळीनंतर लावावी तशी. पार्किंगभर माझ्या पावडरचा वास.

दोन वेळा नाष्टा मागणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे मला आज समोर बघूनही जुळवता येईना. हात कसे विसरत नाहीत?

२४ नोव्हेंबर

दुकानात फोन करून ट्यूबचेच सांगितले. भावजींना कळवलं. ते एवढंच म्हणाले, "बरं."

५ डिसेंबर

टायर बसले. काळे कुळकुळीत, खोल खाचांचे. ह्यांनी वाकून रबराचा वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. रस्त्यावर, लोकांच्या देखत, दोघं टायरला नाक लावून. ह्या वयात. मला हसू आवरेना. मग हेही हसायला लागले.

१४ डिसेंबर, रविवार

जाऊन आलो. हात दुखतायत, तरी लिहून ठेवते.

भावजी त्यांच्या जीपमधून मागे येतो म्हणत होते. नको म्हटलं. भाकरी, शेंगाची चटणी, दही बांधून घेतलं. पन्हाळ्याच्या बाजूनं गेलो. डांबर संपलं तशी ह्यांनी मला थांबवून टायरमधली हवा थोडी कमी केली, दगडावर पकड राहते म्हणून. चढाला पहिल्यांदा जीप आडवी झाल्यासारखी वाटली तेव्हा मी खाली उताराकडेच बघत राहिले. "वर बघ, खाली बघू नको," म्हणाले. वर बघितलं. वर आलो.

पठारावर सगळं पिवळं गवत. वारा असा की पदर आवरावा लागला. हे उतरून पुढं चालत गेले, मी मागे. एका जागी उभे राहून म्हणाले, "इथं तुला आणायची म्हणून किती वर्षं म्हणतोय." आणलंत की, म्हटलं. "तू आणलंस," म्हणाले आणि माझा हात धरून तसेच उभे राहिले.

जेवून उठतो तर मागचं एक चाक बसलेलं. मोठा काटा. स्टेपनी लावली. मी पान्यावर पाय देऊन नट सैल केले, ह्यांनी चाक चढवलं, समोरासमोरचे नट आवळत गेले. जोरात होते. ट्यूबचं आपलं म्हणणंच कसं बरोबर, तेही परत सांगून झालं.

परत येताना दगडाळ खळग्यात पुढचं चाक पंक्चर झालं. आता स्टेपनीही नव्हती. फोनला रेंज नाही. चाक उतरवून ह्यांनी पट्ट्या काढल्या, बाह्या सारल्या. मी निर्धास्त होते. कड सुटली, ट्यूब आली, हवा भरली, गालाशी धरून भोक शोधलं. फुली मारली.

आणि थांबले.

ट्यूब दोन्ही हातांत. फुलीकडे बघतायत. मला वाटलं दम लागला. तेवढ्यात वरून म्हशी हाकत एक बाई आली. "काय झालं पावणं?" हे माझ्याजवळ सरकले आणि तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारलं, "ह्याचं आता काय करायचं असतंय?"

पॉलिश पेपर, म्हटलं. तसाच हळू आवाज. द्या, मी घासते.

घासलं. सोल्युशन लावलं. वाळेपर्यंत थांबले. त्या दिवशी जिन्यापाशी उभं राहून बघितलं होतं ते सगळं एकामागून एक आठवत गेलं. म्हशीवाली बाई, चिमणाबाई तिचं नाव, टायरवर पाय देऊन उभी राहिली, त्याशिवाय मला कड बसवता आली नसती. ह्यांच्या हातात मी बॅटरी दिली, रिमच्या आत उजेड धरायला. त्यांनी तो अजिबात न हलवता धरला.

"तुमचं दोघांचं ग्यारेज हाय काय?" चिमणाबाईनं विचारलं.

"व्हय," हे म्हणाले. "हिचं हाय. मी हाताखाली असतोय."

ती हसली, मीही हसले. जीप सुरू केली आणि मग काही अंतर मला रस्ता धूसर दिसत होता. त्यांना कळू दिलं नाही.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला. अंधार पडल्यावर आमच्यात जेवत नाहीत. ह्यांनी गरम पाणी तेवढं घेतलं आणि म्हणाले, "आज उपास घडला."

१५ डिसेंबर

दोन्ही तळहातांना फोड. ह्यांनी सकाळी तेल कोमट करून आणलं, कुणी न सांगता. एकेका बोटाला लावत बसले. पठाराचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. आदितीला फोनवर एवढंच सांगितलं, गवत पिवळं पडलंय.

१६ डिसेंबर

भावजी येऊन गेले. पंक्चरचं कळल्यावर ह्यांना चिडवायला लागले होते, मी डोळ्यांनी थांबवलं.

१८ डिसेंबर

सकाळी चहा घेऊन खाली गेले. हे जीपमध्ये बसलेले. कप घेतला, सरकून मला जागा दिली. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत होते. मग अगदी अदबीनं म्हणाले, "ताई, परवा तुमी टायरचं काम बेस केलंसा. आमच्या राजमतीला बी शिकवा की जीप. आनि तिला ट्यूबलेसच घालून द्या. मी किती दिस पुरणार? एकटी असंल ती."

घालून देते, म्हटलं.